एका व्हॉल्व्हवर दोन पाऊस

आवारात शंभर-दीडशे चौरस मीटर लॉन असलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. गाडी मागे घेताना कुणीतरी एक स्प्रिंकलर चिरडतो. माळी तुटका तुकडा खिशात घालून मुंबईतली हार्डवेअरच्या दुकानांची नागदेवी स्ट्रीट गाठतो. तिथे नेमका तो मिळत नाही, ‘जवळपास तसाच’ मिळतो. आटे जुळतात, पाणी उडतं, बिल मंजूर होतं. महिन्याभरात नव्या स्प्रिंकलरभोवतीचं गवत पिवळं पडतं, म्हणून माळी पाण्याची वेळ वाढवतो. मग लॉनच्या दुसऱ्या टोकाला चपला रुतायला लागतात. पुढच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं: वेगवेगळ्या प्रकारचे स्प्रिंकलर एका लाइनवर चालतात का हो?

दुकानदार म्हणतो, चालतात. लॉन लावून देणारा म्हणतो, अजिबात नाही. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, कारण दुकानदार आट्यांबद्दल बोलत असतो आणि दुसरा पावसाबद्दल.

१. पाणी लिटरमध्ये नव्हे, मिलिमीटरमध्ये

नळाचं पाणी आपण लिटरमध्ये मोजतो आणि पाऊस मिलिमीटरमध्ये. गवताच्या दृष्टीने स्प्रिंकलर म्हणजे पाऊसच, त्यामुळे त्याचंही माप मिलिमीटरच. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर फरशीवर एक लिटर पाणी सारखं पसरलं, तर त्याची जाडी बरोबर एक मिलिमीटर भरते. एवढं एक समीकरण पाठ केलं की या प्रकरणातली सगळी आकडेमोड कागद-पेन्सिलवर होते.

पण नुसते मिलिमीटर पुरत नाहीत. ते किती वेळात पडले, हेही हवं. तासाला जितके मिलिमीटर पडतात त्याला आपण पर्जन्यदर म्हणू. मुंबईकराला हा शब्द परका वाटला तरी अनुभव परका नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. भागाकार केला तर तासाला सरासरी ३९ मिलिमीटर. (प्रत्यक्षात तो सारखा पडलाच नव्हता. बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला.) आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडले ७३ मिलिमीटर. शहर एकच, दिवस एकच. पण एकीकडे माणसं छातीएवढ्या पाण्यात, तर दुसरीकडे पावसाळ्यातला नेहमीचा दिवस.

यातला ताशी ३९ चा आकडा लक्षात ठेवा. बाजारात मिळणारा सर्वांत साधा पॉप-अप स्प्रिंकलर तासाला साधारण ४० मिलिमीटरच्या दराने पाणी टाकतो. चालू असतो तेवढी मिनिटं तो त्या सव्वीस जुलैच्या सरासरीनेच बरसत असतो.

२. तीन घराणी

लॉनवरचे स्प्रिंकलर दिसायला पन्नास तऱ्हांचे असले, तरी घराणी मुख्यतः तीनच.

पहिलं घराणं स्थिर फवाऱ्याचं. पाण्याच्या दाबाने नोझल जमिनीतून वर येतं आणि छत्रीसारखा फवारा एकदम सगळीकडे उडवतं, काहीही फिरत नाही. पल्ला अडीच ते पाच मीटर. पूर्ण वर्तुळाच्या नोझलमधून मिनिटाला १४ लिटर पाणी जातं असं धरू. म्हणजे तासाला ८४० लिटर. असे फवारे एकमेकांपासून ४.६ मीटरवर चौकोनात बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २१ चौरस मीटर जागा येते. ८४० भागिले २१, उत्तर ४० मिलिमीटर. वरचा आकडा आला तो इथून.

दुसरं घराणं फिरत्या धारेचं. यात एक किंवा दोन जाड धारा असतात आणि त्या सावकाश फिरत जातात. एका क्षणी जमिनीचा एकच पट्टा भिजतो, त्यामुळे दर कमी पडतो, तासाला साधारण १० ते १५ मिलिमीटर. पल्ला मात्र आठ मीटरपासून पंधरापर्यंत जातो. याचा जुना अवतार आपल्याकडे खेड्यापाड्यांत सगळ्यांनी पाहिलेला आहे: कांद्याच्या, हरभऱ्याच्या रानात पितळी हातोडी चट्-चट्-चट् आपटत फिरणारा तुषार संच. १९३३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ऑर्टन एंगलहार्ट या शेतकऱ्याने तो घडवला, आणि त्याचं मूळ तत्त्व आजही फारसं बदललेलं नाही. लॉनवरच्या नव्या रोटरमध्ये हातोडीच्या जागी आत दातेरी चाकं असतात, म्हणून तो आवाज करत नाही. मला विचाराल तर त्या आवाजाचा एक फायदा होता: यंत्र बंद पडलं की झोपेतसुद्धा कळायचं.

तिसरं घराणं अलीकडचं. फवाऱ्याच्याच बुंध्यावर बसणारं, पण बोटांसारख्या बऱ्याच बारीक धारा एकाच वेळी फिरवणारं नोझल. पल्ला पहिल्या घराण्याच्या जवळचा किंवा जरा जास्त, दर मात्र दुसऱ्याच्या जवळचा, म्हणजे तासाला १० ते १२ मिलिमीटर. बंद असताना बाहेरून बघणाऱ्याला हे नोझल आणि साधा फवारा यांत फरक दिसत नाही. गडबड होते ती इथेच.

३. एक व्हॉल्व्ह, एक वेळ

लॉनची पाइपलाइन भागाभागांत वाटलेली असते आणि प्रत्येक भागाला एक व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह उघडला की त्याच्यावरचे सगळे स्प्रिंकलर एकदम सुरू होतात, बंद केला की एकदम थांबतात. त्यांच्यातल्या कुणालाही जास्त किंवा कमी वेळ देता येत नाही. कुकरमध्ये खालच्या भांड्यात भिजवलेले छोले आणि वरच्यात आंबेमोहोर लावला तर काय होतं? शिट्ट्या दोघांना सारख्याच मिळणार. छोले शिजेपर्यंत थांबलात तर भाताची पेज, भातावर बंद केलात तर छोले कडक.

आता आकडे घालू. एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या लॉनला दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी लागतं. ४० च्या दराच्या फवाऱ्याला हे काम साडेसात मिनिटांचं. १० च्या दराच्या रोटरला अर्ध्या तासाचं. दोघं एकाच व्हॉल्व्हवर असतील आणि माळ्याने साडेसात मिनिटांनी पाणी बंद केलं, तर रोटरखालच्या गवताला जेमतेम सव्वा मिलिमीटर मिळतं. ते मुळांपर्यंत पोचायच्या आधीच उडून जातं. अर्धा तास ठेवलं तर फवाऱ्याखाली २० मिलिमीटर साचतं. त्यातलं पंधरा गवताला नकोच असतं. मधला काही तोडगा काढून पंधरा मिनिटं ठेवली तर एक भाग अर्धपोटी, दुसरा दुपटीने भरलेला. कुठलाही आकडा घ्या, या भांडणात कुणीतरी हरतंच.

जास्तीचं पाणी नुसतं वाया जात असतं तरी चाललं असतं. पण मुंबईतल्या बागांमध्ये घातलेली लाल माती लोकांच्या पायांनी दबली की तासाला ४० मिलिमीटर पिऊच शकत नाही. पाणी वर तरंगतं, उतार शोधतं आणि फुटपाथवर येतं. म्हणून फवाऱ्याच्या भागाला एका दमात आठ मिनिटं देण्यापेक्षा चार-चार मिनिटं, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देऊन, असं पाणी द्यावं. रोटरला या लाडाची गरज नसते. म्हणजे दोघांची वेळच नव्हे, वेळ वाटायची पद्धतही वेगळी. हे आणखी एक कारण, की त्यांचे व्हॉल्व्ह वेगळे असावेत.

४. एकाच जातीतही भेसळ होते

बरेच जण इथवर वाचून म्हणतील, आमच्याकडे सगळे एकाच कंपनीचे रोटर आहेत, आम्हाला काळजी नाही. काळजी आहे. ती कोपऱ्यात आहे.

चौकोनी लॉनच्या मध्यावरचा स्प्रिंकलर पूर्ण गोल फिरतो, कडेचा अर्धा गोल, कोपऱ्यातला पाव. रोटरचा फिरण्याचा कोन पेचकसने बदलता येतो, पण त्याने नोझलचं भोक बदलत नाही. समजा सगळ्यांना मिनिटाला १२ लिटरचं एकच नोझल आहे आणि अंतर १२ मीटरचं. मधल्याच्या वाट्याला १४४ चौरस मीटर, तिथे दर येतो ताशी ५ मिलिमीटर. कडेच्याला ७२, तिथे १०. कोपऱ्यातल्याला फक्त ३६ चौरस मीटर, तिथे २०. बारा लिटर तेच, पण ते एक-चतुर्थांश जागेत ओतलेलं. कोपरा मधल्यापेक्षा चौपट भिजतो. मुंबईतल्या कितीतरी बागांचे कोपरे शेवाळाने काळे आणि मधला भाग टकला, याचं एक कारण हेच.

उपाय स्वस्त आहे. कोपऱ्यात मिनिटाला ६ लिटरचं नोझल, कडेला १२ चं, मध्ये २४ चं. आता सगळीकडे ताशी १० मिलिमीटर. म्हणजे इथे वेगवेगळी नोझलं लावल्यानेच पाऊस सारखा होतो, आणि सगळीकडे एकसारखी लावली की बिघडतो. स्थिर फवाऱ्याची नोझलं बनवणारे हे गणित बहुधा आधीच करून ठेवतात (पूर्ण १४ लिटर, अर्धं ७, पाव साडेतीन), त्यामुळे एकाच मालिकेतले फवारे सहसा जुळतात. रोटर घेताना मात्र हे गणित आपल्याला करावं लागतं. ठेकेदार ते करेलच असं धरू नका. रोटरबरोबर नोझलांची एक छोटी फणी येते, बदलायची म्हणूनच. ती कित्येकदा न उघडता स्टोअररूममध्ये पडून असते.

५. टाकी किती उंच?

पर्जन्यदर जुळला तरी दुसरी अडचण राहते, ती प्रेशरची. प्लंबर प्रेशर किलोमध्ये सांगतात, आपणही तसंच म्हणू. पाण्याच्या दहा मीटर उंचीने एक किलो प्रेशर मिळतं. स्थिर फवारा साधारण दोन किलोवर नीट चालतो, रोटरला तीन किलो लागतं.

आता गिरगावातली चार मजल्यांची जुनी इमारत घ्या. गच्चीवरची टाकी जमिनीपासून पंधरा मीटर. म्हणजे दीड किलो, त्यातून पाइपांच्या घर्षणात काही गेलं की हातात किलोभर. या प्रेशरवर फवारा थकलेला दिसतो आणि रोटर तर धड वरच येत नाही. पालिकेच्या लाइनला थेट पंप लावणं बेकायदा आहे, शिवाय तिथलं पाणी ठरावीक तासांतच येतं. त्यामुळे खालच्या टाकीवर छोटा पंप बसवण्याला पर्याय नाही.

परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरांत उलट संकट. चाळीस मजल्यांवरच्या टाकीचं पाणी कुठेही न अडवता खाली आणलं तर बारा किलो प्रेशर होईल. म्हणून वाटेत प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह असतात. ते घरातल्या नळांच्या हिशेबाने बसवलेले असतात, बागेचा विचार नंतर होतो. चार किलोच्या पुढे फवाऱ्यातून थेंब निघत नाहीत, धुकं निघतं. ते दिसायला सुंदर, पण समुद्रावरचा वारा ते शेजारच्या गाड्यांवर नेऊन टाकतो.

एका लाइनवर दोन जातींचे स्प्रिंकलर आले की प्रेशर कुणाचं धरायचं? दोन किलो ठेवलं तर रोटरची धार पूर्ण पल्ला गाठत नाही, फुटतही नाही. सगळं पाणी एका कड्यात पडतं आणि आतबाहेर कोरडं राहतं. तीन किलो ठेवलं तर फवारे जास्त पाणी उधळतात, आधीच जास्त असलेला त्यांचा दर आणखी वाढतो.

टॉवरमधलं लॉन बहुतेक वेळा जमिनीवर नसतंच. ते पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर असतं. खाली फूट-दीड फूट माती, तिच्याखाली निचऱ्याचा थर, मग वॉटरप्रूफिंग, मग स्लॅब. जमिनीतल्या लॉनमध्ये जास्तीचं पाणी खोल मुरून जातं आणि चूक झाकली जाते. पोडियमवर मुरायला जागा नाही. पाणी स्लॅबवर साठतं, जिथे वॉटरप्रूफिंग कच्चं असेल तिथून वाट काढतं आणि खाली उभ्या गाडीच्या टपावर चुन्याचे पांढरे ओघळ पडतात. सोसायटी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावते. पण गळती नेमकी फवाऱ्यांच्या पट्ट्याखालीच का, हे बघायला कुणी वर जात नाही.

छतावर बाग करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. मलबार हिलचं हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशाह मेहता उद्यान, दक्षिण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या छतावर आहे. पिण्याच्या पाण्याच्या डोक्यावर माती आणि गवत! तिथे किती पाणी घालायचं याला शोभेच्या पलीकडचा अर्थ आहे. तिथली प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आणि हिरवळ यांची तहानही एक नाही. लॉनची मुळं उथळ, त्यांना थोडं आणि वारंवार हवं. झुडपांची खोल, त्यांना सावकाश आणि लांब अंतराने. त्यामुळे झुडपांना ठिबक आणि तेही स्वतंत्र व्हॉल्व्हवर, हा नियम कुठल्याही बागेला लागू.

६. शिवाजी पार्क: गवत आणि धूळ

दादरचं शिवाजी पार्क १९२५ चं. आधी त्याचं नाव माहीम पार्क होतं, १९२७ मध्ये बदललं. सुमारे २८ एकर, म्हणजे एक लाख तेरा हजार चौरस मीटर. आपल्या समीकरणाने पाहिलं तर सगळ्या मैदानावर नुसता एक मिलिमीटर पाऊस पाडायचा तर १ लाख १३ हजार लिटर लागतात. दहा हजार लिटरचे अकरा टँकर. पाच मिलिमीटरला पंचावन्नहून जास्त.

इथल्या रहिवाशांची तक्रार गवताची नाही, धुळीची आहे. मैदानावर टाकलेली लाल माती हिवाळा-उन्हाळ्यात उडते आणि भोवतालच्या घरांत जाते. त्यावर उपाय म्हणून पालिकेने २०२१-२२ च्या सुमारास पावसाचं पाणी मुरवणाऱ्या ३५ रिंगवेल, त्या पाण्यावर स्प्रिंकलर आणि गवताची लागवड असा प्रकल्प केला. धुळीचा वाद त्यानंतरही संपला नाही, तो माती काढण्यापर्यंत गेला. वाद कुणाच्या बाजूने सुटावा हा या पुस्तकाचा विषय नाही. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हे मैदान फार बोलकं आहे, कारण एकाच पाण्याकडून इथे दोन कामांची अपेक्षा आहे.

धूळ बसवायला माती वरून ओली असली की पुरे: अर्धा-एक मिलिमीटर, पण दिवसातून अनेकदा, कारण उन्हात आणि वाऱ्यात ते तासा-दोन तासांत उडतं. गवत रुजवायला याच्या उलट हवं: पाच-सहा मिलिमीटर एकदम, पहाटे, वारा पडलेला असताना, म्हणजे ओल खाली जाते आणि मुळं तिच्या मागे खाली जातात. धुळीसाठीचं पाणी गवताला दिलं तर मुळं वरवर राहतात. गवतासाठीचं पाणी उघड्या मातीला दिलं तर चिखल होतो आणि संध्याकाळचा सराव बुडतो. दोन्ही कामांना एकाच जातीचा स्प्रिंकलर वापरता येईल, पण एकच व्हॉल्व्ह आणि एकच वेळ वापरता येणार नाही. इथली भेसळ यंत्राची नसते, कामाची असते, आणि तीही तितकीच नडते.

त्यात आणखी तिढे. विहिरीच्या पाण्यात बारीक गाळ येतो. बारीक धारांची नोझलं अशा पाण्यावर चांगलं गाळणं नसेल तर आठवड्यात बुजतात, मोठ्या भोकाचा रोटर किंवा जुना हातोडीवाला मात्र तग धरतो. दुपारनंतर चौपाटीकडून वारा सुटला की उंच उडणारी धार पूर्वेकडे सरकते आणि पश्चिमेची कड कोरडी राहते. दसरा मेळाव्याचा मंडप, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठी घातलेले निवारे, या सगळ्यांचे खांब जमिनीत जातात, आणि पाइप कुठून गेलाय हे खांब रोवणाऱ्याला माहीत असतंच असं नाही.

आणि मध्ये क्रिकेटच्या खेळपट्ट्या. ज्या मैदानावर आचरेकर सरांची नेट लागायची तिथे हे वेगळं सांगायला नको, पण खेळपट्टीचं पाणी ही स्वतंत्र विद्या आहे. किती घालायचं, केव्हा थांबवायचं, रोलर कधी फिरवायचा, हे मैदान सांभाळणारा माणूस मातीला अंगठा लावून ठरवतो. तिथे कुठल्याच स्प्रिंकलरचं पाणी पडता कामा नये. म्हणून खेळपट्टीच्या जवळचे स्प्रिंकलर अर्ध्या गोलात, तिच्याकडे पाठ करून बसवतात. आणि अर्धा गोल आला की चौथ्या भागातलं नोझलाचं गणितही आलं.

७. डब्यांची परीक्षा

आपल्या लॉनवर भेसळ झालीय का, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. सरळ बाजूंचे, एकाच मापाचे आठ-दहा डबे घ्या. वाट्या किंवा पेले नकोत, त्यांचं तोंड पसरट आणि बूड निमुळतं, त्यात मिलिमीटर खोटे दिसतात. डबे लॉनभर सारख्या अंतरावर ठेवा, पहाटे वीस मिनिटं पाणी सोडा, पट्टीने प्रत्येकातली उंची मोजा.

समजा आठ डब्यांत आले ९, १०, ११, १२, ४, ५, १४ आणि १५ मिलिमीटर. बेरीज ८०, सरासरी १०. आता सर्वांत कोरडे पाव डबे घ्या, म्हणजे दोन: ४ आणि ५, त्यांची सरासरी साडेचार. साडेचार भागिले दहा, म्हणजे ४५ टक्के. हा तुमच्या लॉनचा समानतेचा आकडा. चांगल्या जुळवलेल्या लॉनवर तो सत्तर-पंचाहत्तरच्या पुढे जातो. शंभर कधीच होत नाही, खरा पाऊससुद्धा तेवढा न्यायी नसतो.

या आकड्याला महत्त्व का? कारण माळी पाणी सरासरीकडे बघून देत नाही, पिवळ्या डागाकडे बघून देतो. डाग हिरवा होईपर्यंत तो वेळ वाढवत नेतो. म्हणजे कोरड्या कोपऱ्याला ५ मिलिमीटर मिळवून द्यायला सगळ्या लॉनवर सरासरी ५ भागिले ०.४५, म्हणजे ११ मिलिमीटर ओतावे लागतात. समानता ७५ टक्के असती तर पावणेसात पुरले असते.

सोसायटीच्या लॉनवर हा फरक बिलात दिसतो. मोठ्या मैदानावर तो बातमीत दिसतो. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याच सुमाराला आयपीएलच्या मैदानांवरच्या पाण्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका उभी राहिली. महालक्ष्मीच्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडून प्रक्रिया केलेल्या पाण्याचे रोज सात-आठ टँकर घेऊ, असं क्रिकेट मंडळाच्या बाजूने सांगितलं गेलं. न्यायालयाने तरीही ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. सात-आठ टँकर हा आकडा आपल्या समीकरणात घालून पाहा. सत्तर मीटर त्रिज्येच्या मैदानाचं क्षेत्रफळ सुमारे १५,४०० चौरस मीटर. पाच मिलिमीटरला ७७ हजार लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ आठ टँकर. पण हा हिशेब पाणी सगळीकडे तंतोतंत सारखं पडेल असं धरून आहे. समानता पंचाहत्तर टक्के असेल तर दहा टँकर लागतात, पंचेचाळीस असेल तर सतरा. म्हणजे चुकीच्या नोझलांची किंमत रोज सात टँकर होऊ शकते.

८. मग मिसळायचं कधी?

कंपन्या खुशाल मिसळा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या नोझलांचा पर्जन्यदर, लागणारं प्रेशर आणि पल्ला जुळत असेल तर गवताला शिक्क्याशी काही देणंघेणं नाही. पल्ल्याचं एवढ्यासाठी सांगितलं, की कुठलाही स्प्रिंकलर स्वतःच्या धारेच्या शेवटच्या टप्प्यात पाणी कमी टाकतो. ती उणीव शेजाऱ्याने भरून काढायची असते. म्हणून एकाची धार दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत पोचायलाच हवी. मधला एखादा आखूड पल्ल्याचा निघाला की त्याच्या चारही बाजूंना कोरडी फट राहते.

स्थिर फवारे आणि फिरत्या बारीक धारा एकाच बुंध्यावर बसतात, हा मोह मोठा आहे. बदलायचीच असतील तर एका व्हॉल्व्हवरची सगळी नोझलं एका दिवशी बदला आणि वेळ साडेसात मिनिटांवरून अर्ध्या तासावर न्या. ताशी पाणी कमी लागत असल्याने पंपावरचा भारही उतरतो. पण आधी गाळणं बसवा.

बजेट नसेल आणि दोन जाती एका लाइनवर आधीच आलेल्या असतील, तर एक जादा व्हॉल्व्ह टाकून लाइन दोन भागांत तोडा. खोदकाम एका पट्ट्याचं, पण प्रश्न कायमचा मिटतो. तेही जमत नसेल तर परक्या जातीच्या स्प्रिंकलरचं तोंड सरळ बूच लावून बंद करा आणि तेवढ्या तुकड्याला पाइपने हाताने पाणी द्या. ऐकायला मागासलेलं वाटेल, पण एका तुकड्यासाठी अख्ख्या लॉनची वेळ वाढवण्यापेक्षा माळ्याची दहा मिनिटं स्वस्त पडतात.

दुकानात जाताना माळ्याकडे नुसता तुकडा देऊ नका, एक चिठ्ठी द्या: नोझलचा क्रमांक, पल्ला, कोन, मिनिटाला लिटर आणि किती किलोवर. ही माहिती बहुतेक नोझलांच्या तक्त्यात छापलेली असते. लॉन नवीन करताना प्रत्येक जातीची दोन नोझलं जास्तीची घेऊन ठेवा आणि पाइपलाइनचा नकाशा ठेकेदाराकडून शेवटचं बिल देण्याआधी मागून घ्या, नंतर तो मिळत नाही.

डब्यांची परीक्षा वर्षातून एकदा पुरते, आणि मुंबईत तिची वेळ ठरलेली आहे. जूनमध्ये बंद केलेली यंत्रणा आपण ऑक्टोबरच्या उन्हात उघडतो. चार महिने चिखलात बुडालेल्या नोझलांपैकी काही शेवाळाने अर्धी बुजलेली असतात, काहींत माती, काही चक्क मुंग्यांनी भरलेली. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच जातीची आणलेली नोझलं तेव्हा निरनिराळा पाऊस पाडत असतात.